रुग्णवाहिकेच्या आधी पोहोचावी लागते ती माहिती

नवी मुंबई बोलायला एक शहर असली, तरी कारभाराच्या हिशेबात ती दोन जिल्ह्यांत वाटलेली आहे. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा पट्टा ठाणे जिल्ह्यात येतो आणि तिथे नवी मुंबई महानगरपालिका आहे. बेलापूर ओलांडून खारघरला आलं की रायगड जिल्हा लागतो, आणि 2016 साली स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेची हद्द सुरू होते. छातीत कळ आलेल्या माणसाला मात्र जिल्हा कोणता, महापालिका कुठली, याच्याशी काही देणंघेणं नसतं. मदत त्याच्यापर्यंत वेळेत पोहोचवायची, तर हद्दींच्या वर उठून सगळ्या रुग्णवाहिकांकडे एकत्र पाहणारी यंत्रणा हवी. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा ही अशी यंत्रणा आहे.

महाराष्ट्रात ही सेवा जानेवारी 2014 मध्ये सुरू झाली. सुरुवातीच्या ताफ्यात 937 गाड्या होत्या. त्यांपैकी 233 गाड्यांत व्हेंटिलेटरसह अतिदक्षतेची साधनं होती आणि 704 गाड्या प्राथमिक जीवरक्षणासाठी होत्या. गाडीवर डॉक्टर असतो, हे आपल्या राज्याच्या सेवेचं वैशिष्ट्य. सगळ्या राज्याचे फोन पुण्यात औंधच्या नियंत्रण केंद्रात जातात. म्हणजे वाशीतून लावलेला फोनही पुण्यात उचलला जातो, आणि उचलणाऱ्याला तुमची गल्ली ठाऊक नसते. म्हणून फोनपासून रुग्णालयापर्यंतच्या साखळीची पहिली कडी म्हणजे फोन करणाऱ्याने सांगितलेला पत्ता.

सिडकोने वसवलेल्या या शहरात पत्त्याचा घोटाळा होणं अगदी सोपं आहे. सेक्टर 15 वाशीत आहे, ऐरोलीत आहे, कोपरखैरण्यात आहे, बेलापुरात आहे आणि खारघरमध्येही आहे. त्यामुळे आधी नोडचं, म्हणजे वाशी-ऐरोलीसारख्या विभागाचं नाव, मग सेक्टर, सोसायटी, विंग आणि शेवटी ओळखीची खूण, असा क्रम ठेवावा. गावठाणात राहणाऱ्याने जवळचं देऊळ, शाळा किंवा तलाव सांगावा. एमआयडीसीत प्लॉट नंबर आणि कंपनीचं फाटक सांगावं. द्रुतगती महामार्गावर किलोमीटरचा दगड सांगावाच, पण गाडी पुण्याकडे निघाली होती की मुंबईकडे, हेही सांगावं. चुकीच्या मार्गिकेवर आलेल्या रुग्णवाहिकेला मधूनच वळता येत नाही. तिला पुढच्या फाट्यापर्यंत जाऊन परतावं लागतं.

पत्ता मिळाला की दुसरी कडी, गाडीची निवड. प्रत्येक रुग्णवाहिकेवर जीपीएस असल्याने कोणती गाडी कुठे आहे आणि कोणती मोकळी आहे, हे केंद्रात दिसतं. इथे जवळची गाडी म्हणजे रस्त्याने लवकर पोहोचणारी गाडी. ठाणे-बेलापूर रस्ता आणि रेल्वेमार्ग शहराला लांबच लांब चिरत जातात. नकाशावर समोर दिसणारी गाडी रुळांच्या पलीकडे असेल, तर पुलापर्यंतचा वळसा पडतो. शिवाय सगळ्यांसाठी एकच गाडी चालत नाही. श्वास अडकलेल्याला व्हेंटिलेटरची गाडी लागते, पाय मोडलेल्याचं काम साध्या गाडीवर भागतं. म्हणून फोनवर प्रश्न विचारले जातात: माणूस शुद्धीवर आहे का? श्वास चालू आहे का? रक्त वाहतंय का? त्यात वेळ चालला असं वाटून चिडू नये. योग्य गाडी त्या उत्तरांवरूनच ठरते.

गाडी वाटेत असताना तिसरी कडी सुरू होते. हृदय बंद पडलेल्या माणसाला छातीवर दाब मिळाला नाही, तर त्याच्या जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते. जवळ उभ्या असलेल्या माणसाने छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 वेळा, जोरात दाब देत राहिलं, तर गाडी येईपर्यंत जीव टिकण्याची आशा राहते. हे कसं करायचं ते फोनवर सांगता येतं. म्हणून फोन ठेवू नये आणि रुग्णाजवळचाच नंबर द्यावा.

चौथी कडी रुग्णालयाची. सर्वांत जवळचं रुग्णालय योग्य असेलच असं नाही. पक्षाघातात सीटी स्कॅन लागतो आणि रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. डोक्याला मार लागला तर मेंदूचा शल्यविशारद हवा. मोठ्या भाजण्यासाठी ऐरोलीत नॅशनल बर्न्स सेंटर आहे. महापालिकेची रुग्णालयं वाशी, नेरूळ आणि ऐरोलीत आहेत, पनवेलला उपजिल्हा रुग्णालय आहे, कामोठ्याला एमजीएम रुग्णालय आहे, आणि खाडीपूल ओलांडला की शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय. कुठे खाट आहे, कुठे तज्ज्ञ हजर आहे, हे आधी विचारून मग गाडी वळवली, तर रुग्णाला दारोदार फिरावं लागत नाही. गाडीतल्या डॉक्टरने वाटेतूनच रक्तदाब, ईसीजी आणि दिलेली औषधं कळवली, तर रुग्णालयात तयारी होऊन राहते. रुग्ण सोपवताच गाडी मोकळी करणं हेही तितकंच गरजेचं, कारण पुढचा फोन आलेला असतो.

खरी कसोटी लागते ती एकाच वेळी अनेक जण कोसळतात तेव्हा. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. त्या दिवशीच्या उन्हाने 14 जणांचा जीव घेतला. अशा वेळी जागेवरच रुग्णांची वर्गवारी करावी लागते: तातडीने हलवायचा तो लाल, थोडा थांबू शकणारा पिवळा, चालता-बोलता हिरवा. सगळे लाल रुग्ण एकाच रुग्णालयात ओतले, तर ते रुग्णालयच कोलमडतं. ते वाटून द्यावे लागतात. हे वाटप गर्दी जमल्यावर सुचत नाही. कोणत्या रस्त्याने गाड्या येतील, कोणत्या रस्त्याने बाहेर पडतील आणि कोण कुणाला कळवेल, हे पोलीस, महापालिका आणि आरोग्य विभागाने कार्यक्रमाआधीच ठरवायला हवं.

कायदा मदत करणाऱ्याच्या बाजूने आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 134अ अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. त्याच दुरुस्तीनुसार रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला दहा हजार रुपये दंड होऊ शकतो.

तेव्हा आजच एवढं करा. घरातल्या लहानथोरांकडून नोडसकट पूर्ण पत्ता पाठ करून घ्या आणि तो 108 च्या नंबरासोबत दारामागे लिहून ठेवा. सोसायटीच्या वॉचमनला सांगून ठेवा की रुग्णवाहिका येणार असेल तर फाटक उघडं आणि लिफ्ट खाली हवी. आणि छातीवर दाब देण्याचं प्रशिक्षण घरातल्या एकाने तरी घ्यावं.