शब्दांच्या जोड्या (भाग ५) : एकाच वेलावरची नावे

मागच्या भागात तत्पुरुष समास पाहिला. दुसरे पद प्रधान, पहिले त्याची ओळख पटवणारे. म्हणून 'राजवाडा' हा वाडाच असतो. इंग्रजी आणि चिनी या भाषांचे कूळ वेगळे, पण नामाला नाम जोडताना दोघीही बहुतेक वेळा हाच नियम पाळतात. इंग्रजीतला 'टीस्पून' हा चमचा. चिनीतली 'ह्वोछ' ही गाडी. 'ह्वो' म्हणजे आग, 'छ' म्हणजे गाडी. आपली आगगाडी अगदी तशीच घडली आहे.

नियम एकच असला तरी त्याची गरज दोघींना सारखी नाही. चिनी भाजीबाजारात चला. 'ग्वा' हे वेलीवरच्या फळांचे कुळनाव. पश्चिमेचा ग्वा म्हणजे कलिंगड, दक्षिणेचा तो लाल भोपळा, पिवळा ती काकडी, हिवाळ्याचा तो कोहळा आणि कडू ग्वा म्हणजे आपले कारले. इंग्रजीत 'वॉटरमेलन' हा जोडशब्द आहे खरा. पण 'पम्पकिन' आणि 'कुकम्बर' यांचे परस्परांशी नाते असल्याचे नावावरून कुणालाही कळणार नाही. मांसाचेही तेच. चिनी माणूस प्राण्याच्या नावापुढे 'रो', म्हणजे मांस, जोडून मोकळा होतो. इंग्रजीने १०६६च्या नॉर्मन विजयानंतर बीफ, पोर्क, मटन हे शब्द फ्रेंचमधून उचलले. उसने मिळते तिथे जोडत बसण्याची निकड राहत नाही.

चिनीची निकड मोठी आहे. प्रमाण चिनीत सूर सोडून मोजली तर साधारण ४०० अक्षरे आहेत, सुरांसह धरली तर १३००च्या आसपास. एका उच्चाराचे अर्थ अनेक, त्यामुळे एकटे अक्षर कानाला पुरत नाही. म्हणूनच मित्राला 'फंगयो' म्हणतात, ज्यात दोन्ही पदांचा अर्थ मित्रच. परके शब्दही तिथे बहुधा घरच्या पदांतूनच घडतात : संगणक म्हणजे 'विजेचा मेंदू', चित्रपट 'विजेची सावली', दूरध्वनी 'विजेचे बोलणे'. यांतला शेवटचा शब्द जपानमध्ये चिनी लिपीतून घडला आणि चीनमध्ये गेला.

इंग्रजी जोडशब्द ओळखायला आघाताची मदत होते. 'ग्रीन'वर जोर दिला तर रोपांचे काचघर, 'हाउस'वर दिला तर हिरवे घर. लेखनात मात्र ती बेशिस्त : कुठे शब्द जोडून, कुठे मध्ये रेघ, कुठे सरळ सुटे. चिनी लेखनात शब्दांमध्ये जागाच सोडत नाहीत. जोड कुठे संपली हे वाचणाऱ्याने ओळखायचे.

माझ्या मते खरी श्रीमंती द्वंद्वात दिसते. चिनीत 'वडील-आई' म्हणजे पालक, 'खरेदी-विक्री' म्हणजे व्यापार, 'मोठे-लहान' म्हणजे आकार आणि 'पूर्व-पश्चिम' म्हणजे चक्क 'वस्तू'! आईवडील आणि देवाणघेवाण बोलणाऱ्या मराठी माणसाला हे ऐकताक्षणी उमगेल. इंग्रजीत अशा जोड्या फारच थोड्या. त्यांच्यासाठी पाश्चात्त्य भाषाशास्त्रज्ञ आजही संस्कृत व्याकरणातले 'द्वंद्व' हेच नाव वापरतात.

पुढच्या आठवड्यात बहुव्रीही पाहू. तोवर आपल्या स्वयंपाकघरातल्या जोडनावांची यादी करून ठेवा; पुढच्या भागात ती उपयोगी पडेल.