विंचुर्णीचे आवटी

दौलताबादहून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी अडीचशे किलोमीटर लांब. इथल्या पोरांनी पाहिलेलं मोठं पाणी म्हणजे किल्ल्याचा खंदक, नाहीतर मोमबत्ता तलाव. तरी याच किल्ल्यावरून निजामशाही चालवणारा मलिक अंबर समुद्रापलीकडून आलेला हबशी होता आणि जंजिऱ्याचे सिद्दी त्या काळी निजामशाहीचेच चाकर. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती गेलं आणि दर्याशी असलेला तेवढाही संबंध सुटला. त्यामुळे नौदलातल्या माणसाबद्दल आम्ही लिहावं याचं कुणाला नवल वाटलं, तर ते साहजिक आहे. पण ज्यांच्याबद्दल लिहायचं, त्या व्हाइस अॅडमिरल मनोहर प्रल्हाद आवटींनी निवृत्तीनंतर घर केलं ते फलटण तालुक्यातल्या विंचुर्णीत. तिथूनही समुद्र दिसत नाही. पावसाची वाट पाहणारा मुलूख तो, आमच्यासारखाच.

७ सप्टेंबर १९२७ रोजी त्यांचा जन्म सुरतेत झाला. १९४५ मध्ये नौदलात गेले, तेव्हा ते अजून इंग्रजांचं होतं. पुढच्या जवळजवळ चार दशकांची यादी मोठी आहे: दळणवळणातलं खास प्रशिक्षण, 'म्हैसूर'सारख्या क्रूझरची कप्तानी, खडकवासल्याच्या प्रबोधिनीचं प्रमुखपद, शेवटी मुंबईत पश्चिम नौदल कमांडची सूत्रं. १९८३ मध्ये निवृत्ती. अशा याद्या श्रद्धांजलीच्या लेखांत येतात आणि वाचणारा त्यांवरून नजर फिरवून पुढे जातो. मीही पुढे जातो.

१९७१ मात्र ओलांडता येत नाही. त्या डिसेंबरात बंगालच्या उपसागरात विमानवाहू 'विक्रांत' होती. तिच्या एका बॉयलरला तडे गेलेले, म्हणून वेग कमी, आणि तिच्याभोवती 'ब्रह्मपुत्र', 'बियास', 'कवरत्ती' आणि 'कामोर्ता'. 'कामोर्ता'वर आवटी होते. शेवटची दोन म्हणजे पाणबुड्या शोधून बुडवण्यासाठी रशियाकडून घेतलेली लहान, चपळ जहाजं. 'विक्रांत'वरून उडालेली विमानं चितगाव आणि कॉक्स बझारवर बॉम्ब टाकत असताना या जहाजांनी पाण्याखालच्या धोक्यावर नजर ठेवायची आणि पूर्व पाकिस्तानची समुद्रातली वाट बंद करायची. पाणसुरुंगांची भीती असलेल्या पाण्यात आवटींनी शत्रूची जहाजं पकडली आणि त्याबद्दल त्यांना वीरचक्र मिळालं.

नौदलातल्या माणसाचा संसार हा बराचसा त्याच्या गैरहजेरीत चालतो. बदली आली की ट्रंका भरा, क्वार्टर सोडा, मुलांची शाळा बदला, आणि जहाज निघालं की परतीची तारीख विचारू नका. घरचं माणूस वाट पाहतं आणि समुद्रावरचा त्या वाट पाहण्यावर जगतो. आवटींच्या बाबतीत मला मोलाचं वाटतं ते हे, की उतारवयात त्यांनी ही बाजू बदलून घेतली. आयुष्यभर ज्यांची वाट पाहिली गेली, ते इतरांना समुद्रावर धाडून किनाऱ्यावर थांबले.

भारतीय माणसाने, भारतात बांधलेल्या शिडाच्या होडीतून, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा त्यांचा ध्यास. इंग्रज खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६९ मध्ये न थांबता ती एकट्याने पूर्ण केली होती. गंमत म्हणजे आपल्याकडे जगाला वळसा घालून आलेली पहिली शिडाची होडी 'तृष्णा' ही लष्कराच्या इंजिनिअरांची, १९८५ ते ८७ मधली. नौदलाचे आवटी त्यानंतरही आपली कल्पना वरिष्ठांपुढे मांडत राहिले. अखेर २००६ मध्ये होकार आला आणि दिलीप दोंदे नावाच्या कमांडरने हात वर केला. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी ५६ फुटांची 'म्हादेई' बांधली. एवढी मोठी समुद्री शिडाची होडी त्यांनी आधी कधी बांधली नव्हती. इथे मला त्या म्हाताऱ्याच्या हट्टाची कमाल वाटते. मनुष्यही नवखा, कारागीरही नवखा, आणि पुढे दक्षिण महासागर.

१९ ऑगस्ट २००९ ला दोंदे मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये वाटेत चार बंदरं घेऊन परत आले. असा प्रवास एकट्याने करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या मागोमाग अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ ला त्याच 'म्हादेई'तून निघाले आणि कुठल्याही बंदराला न लागता ३१ मार्च २०१३ ला मुंबईच्या पाण्यात पोहोचले. २०१७ च्या सप्टेंबरात 'तारिणी' या शिडाच्या होडीतून सहा महिला अधिकारी गोव्याहून पृथ्वीप्रदक्षिणेला गेल्या आणि पुढच्या मे महिन्यात परतल्या.

दरम्यान विंचुर्णीत पांढऱ्याशुभ्र दाढीचा हा माणूस झाडं, जंगल आणि वन्यजीवांत रमला होता. १९७८ मध्ये, नोकरीत असतानाच, त्यांनी मुंबईत मेरिटाइम हिस्टरी सोसायटी सुरू केली होती. शिवाजी महाराजांचं आणि कान्होजींचं आरमार आपण भाषणात आणतो, पण त्यांची जहाजं कशी बांधली, कुठून निघाली, कशी लढली हे नीट शोधून लिहून ठेवण्याचा उत्साह आपल्यात बेताचाच. ती उणीव भरणाऱ्या मोजक्या संस्थांत या सोसायटीची गणना करावी लागेल.

२०१८ त्यांच्यासाठी सोपं नव्हतं. नॉक्स-जॉन्स्टन यांच्या जुन्या सफरीच्या स्मरणार्थ फ्रान्सहून निघालेल्या गोल्डन ग्लोब शर्यतीत टॉमी 'थुरिया' घेऊन उतरले होते. तीही गोव्यातच बांधलेली. २१ सप्टेंबरला, हिंद महासागराच्या दक्षिणेला, वादळात होडी उलटी होऊन पुन्हा सरळ झाली, डोलकाठी मोडली आणि टॉमींच्या पाठीच्या मणक्यांना मार बसला. पर्थपासून १९०० सागरी मैलांवर, उठताही येत नाही अशा अवस्थेत ते तीन दिवस पडून होते. नौदलाच्या विमानाने होडी शोधली, 'ओसिरिस' या फ्रेंच गस्ती जहाजाने त्यांना उचललं आणि पुढे 'सातपुडा' युद्धनौका त्यांना विशाखापट्टणमला घेऊन आली. एकट्याने समुद्रावर जा असं तरुणांना आयुष्यभर सांगणाऱ्याच्या मनावर त्या तीन दिवसांत काय गुजरलं असेल, याचा अंदाज कुठल्याही बापाला यावा.

टॉमी सुखरूप परतले. त्यानंतर महिनाभरातच, नोव्हेंबरच्या सुरुवातीला आवटी गेले. वय ९१.

टॉमी बरे झाले, नौदलातून निवृत्त झाले आणि पाठीत टायटॅनियम घेऊन पुन्हा त्याच शर्यतीला गेले. २०२३ च्या एप्रिलमध्ये दुसरे आले. ऑक्टोबर २०२४ मध्ये 'तारिणी' पुन्हा गोव्याहून निघाली, तेव्हा तिच्यावर दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच अधिकारी होत्या. त्यांना तयार करणारे टॉमी होते, आणि मे २०२५ मध्ये त्या परत येईपर्यंत किनाऱ्यावर थांबण्याची पाळी आता टॉमींची होती.