मोहर पोपची, नेमणूक राजाची

मध्ययुगीन युरोप म्हटले की एक चित्र डोळ्यांसमोर येते. पोप वर, राजे खाली. पोपने धर्मबहिष्कृत केले की मुकुट डोक्यावरून घसरला. भंडाऱ्यात असो की मुंबईत, शाळेपासून आपण हेच चित्र घेऊन मोठे होतो आणि मग गोव्याचा इतिहासही त्याच चित्रात बसवतो. देवळे पाडली ती पोपच्या हुकमाने, इन्क्विझिशन, म्हणजे श्रद्धेची चौकशी करणारे धर्मन्यायालय, आणले ते रोमने, पोर्तुगीज राजा म्हणजे चर्चच्या हातातली तलवार. ही समजूत चुकीची आहे, आणि ती दुरुस्त करणे गरजेचे आहे. कारण तिच्यामुळे खरा जबाबदार नजरेआड होतो. धर्मपीठ आणि राज्यसत्ता यांत वरचढ कोण, हे ओळखायचे तर कोण कोणापुढे वाकले हे पाहून भागत नाही. बिशपला नेमतो कोण आणि त्याला पोसतो कोण, हे विचारावे लागते.

कानोसाची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. १०७७ च्या जानेवारीत जर्मन राजा चौथा हेन्री पोप सातव्या ग्रेगरीच्या दारात तीन दिवस बर्फात ताटकळत उभा राहिला. मात्र पुढचे कोणी सांगत नाही. सात वर्षांनी, १०८४ मध्ये, तोच हेन्री सैन्य घेऊन रोममध्ये शिरला, त्याने आपल्या मर्जीतला पोप गादीवर बसवला आणि त्याच्या हातून सम्राटपदाचा मुकुट घालून घेतला. ग्रेगरी १०८५ मध्ये सालेर्नोला परागंदा अवस्थेत वारला. तो वाद होता बिशपांच्या नेमणुकीचा, कारण बिशप म्हणजे मोठमोठ्या जमिनींचा धनी. ११२२ मध्ये व्होर्म्सच्या करारात तडजोड झाली, पण ओढाताण संपली नाही. १३०९ ते १३७७ या काळात तर पोपांचा मुक्कामच आविन्योंला, फ्रेंच राजांच्या छायेत होता.

पोर्तुगालमध्ये ही ओढाताण राजाने कागदावरच जिंकली. पंधराव्या शतकाच्या मध्यापासून पोपनी एकामागून एक फर्माने काढली आणि समुद्रापलीकडच्या प्रदेशातील चर्चची व्यवस्था पोर्तुगीज राजसत्तेकडे सोपवली. या व्यवस्थेचे नाव पाद्रुआदू. राजाने चर्चे बांधायची, पाद्री जहाजाने पाठवायचे, त्यांचा खर्च सोसायचा. बदल्यात धर्मकराचे उत्पन्न त्याचे आणि बिशपपदासाठी नाव सुचवण्याचा हक्कही त्याचा. १५३४ मध्ये गोव्याला बिशपचे पीठ झाले, १५५७ मध्ये ते आर्चबिशपचे झाले. गादीवर कोण बसणार हे लिस्बनमध्ये ठरे, रोम त्यावर मोहर उठवी. इन्क्विझिशनचेही तेच. १५३६ मध्ये पोर्तुगालमध्ये ते सुरू झाले ते राजा तिसरा जुआंव याने वर्षानुवर्षे मागणी लावून धरल्यामुळे. पोप तिसरा पॉल मनापासून तयार नव्हता. १५६० मध्ये ते गोव्यात आले तेव्हा पोर्तुगालचा मुख्य इन्क्विझिटर होता कार्डिनल हेन्रीक, म्हणजे राजा जुआंवचा सख्खा भाऊ, आणि १५७८ मध्ये तोच पोर्तुगालचा राजा झाला. एकाच माणसाच्या डोक्यावर आधी कार्डिनलची टोपी आणि मग मुकुट! उलट १६७४ ते १६८१ या काळात पोर्तुगालच्या इन्क्विझिशनचे काम थांबवले ते रोमने. गोव्यातली ही कचेरी १७७४ मध्ये बंद झाली, १७७८ मध्ये पुन्हा उघडली आणि १८१२ मध्ये कायमची मिटली. तिन्ही वेळा निर्णय पोर्तुगीज राजदरबाराचा होता.

यावर कोणी म्हणेल, म्हणजे चर्च निर्दोष सुटले. तसे मुळीच नाही. गोव्यात इन्क्विझिशन हवे, असे पत्र धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियरने १५४६ मध्ये राजाला लिहिले होते. मात्र ते पत्र गेले कोणाला, हे पाहावे. पोपला नव्हे, राजाला. हुकूम कोणाचा चालतो हे झेवियर पुरते ओळखून होता. गोव्यातल्या तिसवाडीतली देवळे १५४० च्या सुमारास पाडली गेली आणि लगेच देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चच्या कामाकडे वळवले गेले. मागणी पाद्र्यांची, अंमल राजाच्या अधिकाऱ्यांचा, लाभ दोघांचा. १६८४ मध्ये कोंकणी टाकून तीन वर्षांत पोर्तुगीज शिका, असे फर्मान निघाले. त्यामागे फ्रान्सिस्कन पाद्र्यांचा आग्रह होता, सही मात्र व्हाइसरॉयची. इन्क्विझिशन स्वतः कोणाला जाळत नसे. दोषी ठरलेल्याला ते सरकारच्या ताब्यात देई आणि चिता सरकार पेटवी. या विभागणीमुळे दोघांनाही हात वर करायला जागा राहिली. आज सगळा दोष एकट्या पोपच्या माथी मारणारा वाचक नकळत राजाला तीच जागा देतो. शिवाय चर्चमध्येही सर्वांचा सूर एक नव्हता. ज्या गोव्यात पुढे लोकांच्या भाषेवर बंदी आली, तिथेच १६१६ मध्ये रायतूरला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स याचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत छापले गेले होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पोप इतका दुबळा असता, तर राजांनी त्याच्याकडे फर्माने मागितलीच कशाला? कारण मोहर त्याच्याकडे होती, आणि ती अडवून धरणे हे त्याचे खरे हत्यार होते. १६४० मध्ये पोर्तुगाल स्पेनपासून वेगळा झाला, तेव्हा नव्या राजाला रोमने मान्यता दिली नाही आणि १६६८ पर्यंत त्याने सुचवलेल्या बिशपांवर मोहर उठवली नाही. गोव्याची आर्चबिशपची गादीही त्या काळात वर्षानुवर्षे रिकामी राहिली. रोमने दुसरी वाटही काढली. १६२२ मध्ये पोपने धर्मप्रसाराचे स्वतःचे खाते उघडले. दिवाडी बेटावरच्या ब्राह्मण ख्रिस्ती घराण्यातला मातेउश द कास्त्रू याला गोव्यात पाद्रीपदाची दीक्षा मिळेना. तो थेट रोमला गेला, तिथे पाद्री झाला आणि १६३७ मध्ये बिशप होऊन आदिलशाही मुलखासाठी परतला. गोव्याच्या अधिकाऱ्यांनी त्याला जुमानले नाही. पोपने नेमलेल्या बिशपला राजाचे कॅथलिक अधिकारी धुडकावतात, ही एक गोष्ट पोपच्या सर्वंकष सत्तेचे चित्र पुसायला पुरेशी आहे.

हे सगळे युरोपीयांनीच केले, आपल्याकडे धर्म आणि राज्य यांत असा व्यवहार नव्हता, हाही एक गैरसमज. त्यासाठी विदर्भाबाहेर जायला नको. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीत वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला आहे. याच राजाचा अचलपूरजवळच्या चम्मकचा ताम्रपट पाहा. पाचव्या शतकात हजार ब्राह्मणांना गाव दान दिले आहे, कर माफ आहेत, आणि त्याच पत्र्यावर अटी कोरल्या आहेत: राज्याशी द्रोह करू नये, चोरी आणि व्यभिचार करू नये, दुसऱ्या गावांना उपद्रव देऊ नये, युद्ध करू नये. अट मोडली तर दान काढून घेण्याचा अधिकार राजाचा. दान धर्माचे खरे, पण दोरी राजाच्या हातात. पोर्तुगीज राजाची व्यवस्था आणि ही एकच होती असे म्हणता येणार नाही. इथे कोणी पोप नव्हता आणि कोणाच्या श्रद्धेची चौकशीही या ताम्रपटात नाही. पण पोसणारा अटी घालतो, हे दोन्हीकडे सारखेच.

मुंबईत तर हा व्यवहार आजीआजोबांच्या काळापर्यंत चालला. १७२० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना बेटाबाहेर काढले आणि तिथली कॅथलिक चर्चे रोमच्या कार्मेलाइट पाद्र्यांकडे दिली. म्हणजे कोणता कॅथलिक बिशप ऐकायचा, हे प्रॉटेस्टंट व्यापाऱ्यांनी ठरवले. १७९४ मध्ये चर्चांची वाटणी झाली; काही गोव्याच्या आर्चबिशपकडे, काही रोमच्या प्रतिनिधीकडे, आणि एकाच शहरात दोन कॅथलिक सत्ता शेजारी शेजारी नांदू लागल्या. अखेर १९२८ मध्ये पोप आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला: मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश असेल. त्याप्रमाणे आधी जोआकिम लिमा, मग थॉमस रॉबर्ट्स. देश स्वतंत्र झाल्यावरही हा करार कागदावर जिवंत होता. पोर्तुगालने मुंबईवरचा आपला हक्क सोडला तो जुलै १९५० मध्ये, आणि त्याच वर्षअखेरीस व्हॅलेरियन ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले.