चार रविवार आणि शिकायचं काय?

समजा रविवारची संध्याकाळ आहे. धो धो पाऊस पडतोय. गडावरून उतरताना एक मुलगा निसरड्या वाटेवर घसरला आणि त्याचा पाय मोडला. त्याच्या मित्राने धावतपळत खालचं गाव गाठून फोन केला. ॲम्ब्युलन्स आली, पण पायथ्यापर्यंतच! पुढे गाडीरस्ताच नाही. मग वर जाणार कोण?

वर जातात बचाव पथकातले दादा आणि ताई. लोणावळ्याचे ‘शिवदुर्ग मित्र’, खोपोलीचे ‘यशवंती हायकर्स’ अशी पथकं आपल्या सह्याद्रीत आहेत. अशा पथकांत कुणी नोकरी करणारा असतो, कुणी दुकान सांभाळणारा, तर कुणी कॉलेजात शिकणारा. डॉक्टर दरवेळी बरोबर असतोच असं नाही. म्हणून या मंडळींना प्रथमोपचार शिकावे लागतात. आणि एकदा शिकून भागत नाही बरं का! तुमच्या पाढ्यांसारखीच त्यांनाही उजळणी करावी लागते.

आता गंमत अशी करू. समजा एका पथकाला वर्षभरात उजळणीसाठी चारच रविवार मिळणार आहेत. विषय तुम्ही निवडायचे. बोला!

मला माहीत आहे, पहिली आरोळी येणार ‘सर्पदंश!’ विषय महत्त्वाचाच आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्याशी गंमत नाही. पण डोंगरावर स्वयंसेवकाच्या हातात काय असतं? माणसाला धीर द्यायचा, चावलेला हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, त्याला चालवायचं नाही आणि लवकरात लवकर दवाखान्यात पोचवायचं. प्रतिसर्पविषाचं इंजेक्शन तिथेच मिळणार. जखमेवर चिरा मारायची नाही, रक्त चोखायचं नाही, दोरी करकचून आवळायची नाही. एवढं सांगायला आणि करून बघायला तासभर पुरतो. अख्खा रविवार कशाला?

उलट हृदय बंद पडलेल्याची छाती दाबण्याचं बघा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची छाती निदान ५ सेंटिमीटर खाली जाईल इतक्या जोराने. ऐकायला सोपं, पण हाताची सवय काही महिन्यांतच जाते. म्हणून याला वेगळा रविवार देण्यापेक्षा प्रत्येक रविवारी सुरुवातीची वीस मिनिटं द्यावीत, असं मला वाटतं. शिवाय नियमही बदलतात. पूर्वी १५ दाब आणि २ श्वास असं शिकवत. २००५ साली ते ३० दाब आणि २ श्वास असं झालं.

असंच दोराला लटकून राहिलेल्या माणसाचं. त्याला सोडवलं की आडवं न करता अर्धा तास बसवून ठेवा, असं पूर्वी सांगत. आता तज्ज्ञ म्हणतात, आडवंच झोपवा. म्हणजे दहा वर्षांपूर्वी मनापासून शिकलेला दादा आज मनापासून चूक करू शकतो! तेव्हा ‘पूर्वीचं काय बदललं?’ या विषयाला एक रविवार नक्की.

दुसरा रविवार कुणाचा? खुद्द बचाव करणाऱ्यांचा! १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला गाडीरस्ता नव्हता. मदतीला निघालेल्या अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा तो चढ चढतानाच हृदयविकाराच्या झटक्याने मृत्यू झाला. दमलेला सोबती ‘मी ठीक आहे’ म्हणाला, तरी त्याला केव्हा थांबवायचं, हेसुद्धा शिकावंच लागतं.

उरले दोन रविवार. ते मी एकाच विषयाला देईन, आणि तो ऐकून तुम्ही नाक मुरडाल. विषय आहे, ‘जखमी माणसाबरोबर सहा तास’. त्यात ना साप, ना हेलिकॉप्टर! पण आपल्या त्या पाय मोडलेल्या मुलाचा विचार करा. शहरात तो लवकर डॉक्टरांपुढे गेला असता. इथे पथक वर पोचायलाच दोन-तीन तास, आणि स्ट्रेचर खाली आणायला त्याहून जास्त. पायाला आधार बांधून झाला म्हणजे काम संपलं का? छे! पाय सुजत जातो आणि मघाशी बरोबर बसलेली पट्टी आता काचायला लागते. म्हणून त्याची बोटं गार किंवा बधिर पडली नाहीत ना, हे पुन्हा पुन्हा बघावं लागतं. तो भिजलेला असतो. वर तीन चादरी घातल्या आणि खाली काहीच नाही, तर जमीन त्याची ऊब शोषून घेते. आपलं शरीर साधारण ३७ अंशांवर असतं, ते ३५ च्या खाली गेलं की धोका सुरू. आपल्या पावसाळ्यातही हे घडू शकतं, बर्फच लागतो असं नाही! शिवाय त्याला लघवीला लागते, भीती वाटते, ‘आई रागावेल’ म्हणून रडू येतं. त्याच्याशी बोलायचं कुणी आणि काय, याचीही तालीम करावी लागते.

आणि हे सगळं वहीत टिपायचं असतं. दर पंधरा मिनिटांनी नाडी, श्वास, शुद्ध. खाली डॉक्टरांच्या हाती ती नोंद पडली, की मुलगा सावरतोय की खालावतोय हे त्यांना लगेच कळतं.

यातली एक गोष्ट तुम्हाला आज घरीच करून बघता येईल. बाबा पेपर वाचत बसले असतील तेव्हा त्यांचे मिनिटभरातले श्वास मोजा. मोठ्या माणसाचे साधारण १२ ते २० भरतात. पण मोजताय हे त्यांना सांगू नका हं! कळलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. पथकातले लोकही नाडी बघतोय असं दाखवत मनगट धरून ठेवतात आणि गुपचूप श्वास मोजतात.