मामंजींच्या छातीवरची तिसरी फीत

दिवाळीची आवराआवर चालली होती. माळ्यावरची काळी पत्र्याची ट्रंक मी खाली घेतली. ती मामंजींची. झाकणावर पांढऱ्या रंगाने त्यांचा नंबर, हुद्दा आणि नाव. मामंजींना जाऊन सात महिने झाले होते, पण ट्रंकेला हात लावायचा धीर घरात कोणाला झाला नव्हता.

“आत्या, उघडू का?” मी सासूबाईंना विचारले.

“उघड बाई. कधी तरी उघडायचीच हाय.”

आत डांबराच्या गोळ्यांचा वास, पलटणीचा हिरवा स्वेटर, दाढीचे सामान आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले कागद. पेन्शनचा आदेश, डिस्चार्ज बुक आणि गणवेशातला एक फोटो. पाठीमागे पेनने तारीख लिहिलेली, १९७५ सालची. माझी नववीतली मुलगी फोटो आणि पुस्तक शेजारी शेजारी ठेवून बसली आणि म्हणाली, “आई, फोटोत आजोबांच्या छातीवर तीन फिती आहेत. पुस्तकात तेव्हापर्यंतची पदकं दोनच लिहिलीत. तिसरी कुठली?”

सासूबाई चटकन म्हणाल्या, “बांगलाची.”

मैत्रिणींनो, या एका शब्दामागे आमच्या घरातले एक जुने दुखणे होते.

‘थापा मारतात’

मामंजी १९६७ साली भरती झाले आणि १९८२ साली नाईक म्हणून घरी आले. १९७१ च्या डिसेंबरात ते पूर्व आघाडीवर होते. ३ डिसेंबरला युद्ध पेटले आणि १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करली. त्या तेरा-चौदा दिवसांतल्या चिखलाच्या, होड्यांच्या, रात्री चालत काढलेल्या मैलांच्या गोष्टी त्यांनी मुलांना सांगितल्या होत्या.

पुढे २०२१ साली त्या विजयाला पन्नास वर्षे झाली. आमच्याकडे १९७१ च्या जवानांचा सत्कार ठरला. यादी करणाऱ्यांनी मामंजींचे डिस्चार्ज बुक पाहिले आणि सांगितले, “आजोबा, तुमच्या पुस्तकात पूर्वेकडची नोंद नाही.” त्यांचे नाव यादीत आले नाही. कोणी तरी मागून हसत म्हणाले, “म्हातारी माणसं थापा मारतात हो.” मामंजी घरी आले, चपला काढल्या आणि गप्प बसून राहिले. त्यानंतर त्यांनी युद्धाची गोष्ट कधीच काढली नाही. नातीने हट्ट केला तरी नाही.

म्हणून ती तिसरी फीत आम्हाला मोठी वाटली. आमचे हे म्हणाले, “कॅम्पातल्या दुकानात सगळी पदकं मिळतात. एक आणून फोटोला लावू या.” त्यावर सासूबाईंनी जे सांगितले ते मी विसरणार नाही. “दुकानातलं नको. कागदावर आलं पायजे. त्यास्नी कागदानंच खोटं पाडलं.”

ही पदके कोणती?

आपण बायका ‘पदक’ म्हटले की सगळी एकच समजतो. तसे नाही. एक असते शौर्याचे पदक. परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र, सेना पदक ही नावे आपण ऐकतो. ती एखाद्या विशिष्ट कामगिरीसाठी वरिष्ठांच्या शिफारशीने मिळतात, राजपत्रात प्रसिद्ध होतात आणि त्यांच्यासोबत ठरावीक भत्ताही असतो. जवानामागे तो त्याच्या पत्नीला मिळतो. कोणी मागून शौर्यपदक मिळत नाही.

दुसरी पदके सेवेची आणि मोहिमेची. अमुक युद्धाच्या वेळी अमुक भागात जो होता, त्या प्रत्येकाचा त्यावर हक्क. त्यात पैसा नाही, मान आहे. १९७१ पुरते बोलायचे तर पूर्वेकडच्या रणक्षेत्रात असणाऱ्यांना ‘पूर्वी स्टार’, पश्चिमेकडच्यांना ‘पश्चिमी स्टार’ आणि त्या काळात सेवेत असणाऱ्यांना ‘संग्राम मेडल’. १९७२ साली स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे झाली त्याचे वेगळे पदक. शत्रूच्या माऱ्यात जखमी झालेल्यांसाठी ‘वूंड मेडल’, म्हणजेच पराक्रम पदक.

मामंजींच्या पुस्तकात संग्राम मेडल होते, पंचविसाव्या वर्षाचे पदक होते. पूर्वी स्टार नव्हते. म्हणजे युद्धाच्या काळात ते फौजेत होते हे कागदाला मान्य, पण पूर्वेला होते हे अमान्य!

नोंद राहते कशी?

हे मला एका निवृत्त फौजी कारकुनांनी समजावले. जवानाच्या बाबतीत काहीही घडले, म्हणजे लग्न झाले, मूल झाले, बदली झाली, पदक मिळाले, की त्याची पलटण एक आदेश काढते. त्याला ‘पार्ट टू ऑर्डर’ म्हणतात. त्याची प्रत रेकॉर्ड ऑफिसला जाते आणि तिथे जवानाच्या सेवापत्रकात नोंद होते. निवृत्तीच्या वेळी डिस्चार्ज बुक भरले जाते ते या पत्रकावरूनच. मधला एक कागद हरवला की पुढचे सगळे कोरे.

मामंजींची युद्धानंतर लगेच दुसऱ्या युनिटला बदली झाली होती. फीत आधी मिळते, धातूचे पदक घडून यायला पुढे कितीतरी काळ जातो. तोवर माणूस हलला तर जुन्या युनिटला वाटते नवे करील, नव्याला वाटते जुन्याने केले असेल. आपल्याकडे नाही का, दोन जावांना वाटते दुसरीने दूध तापवले आणि दूध नासते! तसेच बहुधा झाले असावे.

मग आम्ही काय केले?

पहिले काम, अर्ज कोठे करायचा ते शोधणे. जवानाचे कागद त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचे नाशिकरोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचे पुण्याजवळ खडकीला. नौसैनिकांचे मुंबईत मानखुर्दला आणि हवाई दलाच्या एअरमनांचे दिल्लीत सुब्रतो पार्कला. पत्ता कळत नसेल तर प्रत्येक जिल्ह्यात सैनिक कल्याण कार्यालय असते, तिथे विचारावे. अर्ज कसा लिहायचा हेही तिथे सांगतात.

अर्ज सासूबाईंच्या नावाने केला. पेन्शनच्या आदेशात पत्नी म्हणून त्यांचे नाव असल्याने नाते सिद्ध करायचा त्रास पडला नाही. पत्नी हयात नसेल तर मुले, मुली अर्ज करू शकतात. मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा मात्र जोडावा लागतो.

पहिले उत्तर आले दोन ओळींचे. “आमच्या नोंदीत सदर पदक आढळत नाही.” मी हिरमुसले. अहो, नोंद नाही म्हणूनच तर अर्ज केला होता!

ते कारकून हसले. म्हणाले, “ताई, ‘नोंद नाही’ म्हणजे ‘हक्क नाही’ असं नव्हे. तुम्ही पदक मागितलंत. आता पुरावा द्या आणि त्या तारखांना माणूस कुठे होता ते तपासा म्हणा.”

मग पुरावा शोधायला लागलो. आणि तो सापडला सासूबाईंच्या लुगड्यांच्या घडीत! मामंजींची जुनी पत्रे. त्यांना वाचता येत नाही, पण एकही पत्र त्यांनी टाकले नव्हते. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात युनिटचे नाव आणि ‘९९ ए.पी.ओ.’ असे होते. फौजेच्या टपालात ५६ आणि ९९ असे दोन क्रमांक चालतात, त्यातला ९९ हा पूर्वेकडचा. नुसता हा आकडा युद्धभूमीचा पुरावा होत नाही, पण युनिट आणि तारीख त्यातून पक्की झाली. दुसरा पुरावा तो फोटो. तिसरा, मामंजींबरोबर त्याच तुकडीत असलेले एक वृद्ध सोबती. त्यांच्या स्वतःच्या पुस्तकात पूर्वी स्टारची नोंद होती. त्यांनी “हा माणूस माझ्यासोबत होता” असे प्रतिज्ञापत्र करून दिले. सही करताना त्यांचा हात थरथरत होता.

जोडीला माहितीच्या अधिकाराखाली सेवापत्रकाची प्रत मागितली. २००५ चा हा कायदा सैन्यालाही लागू आहे. शुल्क दहा रुपये आणि उत्तराची मुदत तीस दिवस. त्या प्रतीत युनिट आणि बदलीची तारीख स्पष्ट होती. बदली युद्धानंतरची! सगळे जोडून पुन्हा अर्ज केला.

एवढे लक्षात ठेवा

तुमच्याही घरात अशी ट्रंक असेल तर माझ्या अनुभवाच्या या चार गोष्टी ऐका.

नंबर, हुद्दा, पूर्ण नाव, युनिट, भरतीची आणि निवृत्तीची तारीख अर्जात सर्वांत वर लिहा. “पदके मिळावीत” असे मोघम लिहू नका. कोणते पदक, कोणत्या मोहिमेचे आणि कशाच्या आधारावर, हे एकेक ओळीत मांडा.

मूळ कागद कधीही टपालाने पाठवू नका. झेरॉक्स पाठवा, स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती त्याच फाइलला टाचून ठेवा. फोनवर कोण काय म्हणाले तेही तारखेसकट वहीत लिहा. आपण दुधाचा हिशेब लिहितो ना, तसाच.

घाई करा. ज्यांना पेन्शन नव्हती अशा जवानांचे सेवाकागद निवृत्तीनंतर पंचवीस वर्षांनी नष्ट करण्याचा नियम आहे, मागे राहते ती ‘लाँग रोल’ नावाची थोडक्यातली नोंद. आणि कागदापेक्षाही लवकर जातात ते साक्ष देणारे सोबती. जवान हयात असेल तर आजच त्याच्याजवळ बसा, पुस्तक उघडा, पदकांचे पान वाचून दाखवा. आम्ही हे त्यांच्या हयातीत केले नाही, ही रुखरुख मला कायम राहील.

आणि निराश होऊ नका. रेकॉर्ड ऑफिसने नाहीच ऐकले तर २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. आमच्यावर ती वेळ आली नाही.

पदकावरचा नंबर

पहिल्या अर्जापासून एक वर्ष आणि चार महिन्यांनी जाड लिफाफा आला. आत पत्र होते, नोंद दुरुस्त केल्याचे. पुढे काही दिवसांनी छोटी डबी आली. त्यात पूर्वी स्टार.

सत्काराच्या यादीतून नाव गाळले गेले ते गेलेच. तो दिवस परत येणार नाही. पण पत्राची झेरॉक्स घेऊन आमचे हे त्या मंडळींकडे गेले, त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि काही न बोलता परत आले.

सासूबाईंनी पदक हातात घेतले, पदराने पुसले, उलटसुलट करून पाहिले. मुलगी म्हणाली, “आजी, पदकावर आजोबांचा नंबर कोरलाय. वाचू?” तिने पहिले दोन आकडे वाचले. पुढचे सगळे आकडे सासूबाईंनी तोंडपाठ म्हटले, एकही न चुकता. मग म्हणाल्या, “त्येंचाच हाय.”

ट्रंक आता माळ्यावर नाही. सासूबाईंच्या खाटेखाली आहे.