बाटलीआधी काडी

काशिमीरा नाक्याच्या आसपास स्पेअर पार्टच्या कुठल्याही दुकानात जाऊन "गाडी ऑइल खाते" एवढंच म्हणा. काउंटरवरचा पोरगा पुढं काही विचारत नाही. मागच्या फळीवरून एक बाटली उतरवतो आणि समोर ठेवतो. किंमत दोन-तीनशेपासून हजाराच्या वरपर्यंत, जशी ज्याची ऐपत. एका लेबलवर धूर बंद होईल असं लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर इंजिन पुन्हा तरुण होईल असं. गाडी ऑइल का खाते, याचा उल्लेख मात्र त्या फळीवर कुठंच नसतो.

मिरा-भाईंदरमध्ये या बाटलीला गिऱ्हाईक भरपूर आहे. पंधरा वर्षं उलटून गेलेल्या एमएच ०४ पासिंगच्या वॅगन आर, सँट्रो, झेन इथल्या सोसायट्यांतून आजही रोज कामावर निघतात. त्यांचं रोजचं चालणं म्हणजे दहिसर चेकनाक्याला पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरपटणं. हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये माफ झाला, रांग काही माफ झाली नाही. किलोमीटर कमी आणि इंजिनाचे तास जास्त, अशी ही गाडी वयाआधीच थकते.

माझी २००८ ची वॅगन आर त्यातलीच. सकाळी स्टार्ट केली की सायलेन्सरमधून निळसर झोत यायचा, पण मिनिटभरात सगळं साफ. १००० किलोमीटरला पाऊण लिटरच्या आसपास ऑइल कमी व्हायचं. बाटली विकत घेऊनच मी हायवेच्या मागच्या अंगाला असलेल्या एका गॅरेजात गेलो. मिस्त्रींनी ती हातात घेतली, लेबल वाचलं आणि परत दिली.

"काका, ही डिकीत ठेवा. आधी काडी बघू."

काडी म्हणजे ऑइलची डिपस्टिक. ती बघण्याचीही एक रीत आहे. गाडी सपाट जागी हवी. इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं, म्हणजे वर गेलेलं ऑइल चेंबरमध्ये उतरतं. मग काडी काढून पुसायची, पूर्ण आत घालायची आणि पुन्हा काढून आडवी धरून वाचायची. खालच्या आणि वरच्या खुणेत बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये साधारण एक लिटरचा फरक असतो. सीएनजीवाल्यांची इथं हमखास फसगत होते. गॅसवर ऑइल लवकर काळं पडत नाही, काडीवर ते सोनेरी दिसतं, आणि माणूस रंग बघून खूश होतो. पातळी खालच्या खुणेच्याही खाली गेलेली असते.

ऑइल इंजिनातून मुख्यतः तीन वाटांनी जातं. एक, पॅकिंग किंवा सीलमधून गळून बाहेर. दोन, व्हॉल्व्हच्या दांड्यावरच्या रबरी सीलमधून झिरपून सिलिंडरमध्ये. तीन, पिस्टनच्या रिंगांवरून वर चढून जळून. वाट कोणती ते कळल्याशिवाय बाटली ओतणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

मिस्त्रींनी पहिली वाट टॉर्च घेऊन तपासली. टॅपेट कव्हरच्या कडेला ओलसर मळ होता, पण थेंब पडण्याइतका नाही. मग त्यांनी एक छोटा भाग उपसून काढला, पीसीव्ही व्हॉल्व्ह. इंजिनाच्या पोटात साठणारा वायू ओढून परत जाळायला पाठवणारी ही झडप. कानाजवळ नेऊन हलवली की आतली गोळी खुळखुळायला हवी. माझी मुकी होती. आत काळा चिकट मळ दगडासारखा बसलेला. ही झडप तुंबली की पोटातला दाब वाढतो आणि तो ऑइलला मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलतो. नवी झडप काही शे रुपयांना मिळते, आणि कित्येक गाड्यांचं दुखणं तेवढ्यावरच भागतं.

त्यानंतर प्लग. चारही काढून क्रमानं फडक्यावर मांडले. दोन कोरडे, बदामी. दोन काळे, त्यांच्या टोकाला ऑइलचा चकाकता थर. मग प्रत्येक प्लगच्या भोकात कॉम्प्रेशन गेज बसवलं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला. चारही सिलिंडर १६५ ते १७५ पीएसआयच्या दरम्यान आले. आकडे कमी आले असते, तर भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. ऑइल रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजवतं. त्यामुळे आकडा उसळला, तर दोष रिंगांचा. जैसे थे राहिला, तर व्हॉल्व्ह किंवा हेडच्या पॅकिंगचा.

"रिंगा धडधाकट आहेत. सीलं कडक झालीत," मिस्त्री म्हणाले. "ठाण्याहून येताना गायमुखचा घाट गिअरमध्ये उतरा, ॲक्सिलरेटर सोडून. चेण्याला आल्यावर एकदम पाय दाबा आणि आरशात बघा."

यामागचं गणित सोपं आहे. ॲक्सिलरेटर सोडून उतरताना थ्रॉटल बंद असतो, इनटेक मॅनिफोल्डमध्ये जबरदस्त व्हॅक्यूम तयार होतो आणि तो कडक झालेल्या सीलमधून ऑइल खाली ओढतो. पाय दाबला की साठलेलं सगळं एकदम जळतं, निळा लोट निघतो. रिंगा गेलेली गाडी याउलट वागते. ती चढावर, ओझ्याखाली, सतत धूर सोडते. माझ्या गाडीच्या इंजिनात सोळा व्हॉल्व्ह, म्हणजे सोळा सीलं. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन रबर ताठ होतं आणि दांड्याला घट्ट धरेनासं होतं.

निदान झालं, आता बाटलीचा विषय. फळीवरच्या बाटल्या दिसायला सारख्या, पण जाती निरनिराळ्या. पहिली दाटपणा वाढवणारी. तिच्यात लांब साखळीची पॉलिमर असतात, ओतताना ती काकवीसारखी संथ तार धरून उतरते. ऑइल घट्ट होतं, फटींतून कमी निसटतं, आवाजही दबतो. पण हेच काम जाड ग्रेडचं ऑइल कमी पैशांत करतं. आपल्याकडे हिवाळ्यातही इंजिन गारठत नाही, त्यामुळे जुन्या, झिजलेल्या इंजिनाला २०डब्ल्यू-५० चालून जातं. ०डब्ल्यू-२० वर बेतलेल्या नव्या इंजिनांवर मात्र हा प्रयोग करू नये. त्यांच्या फटी बारीक असतात.

दुसरी जात सील मऊ करणारी. तिच्यातली रसायनं ताठ रबरात शिरून ते किंचित फुगवतात. सील नुसतं कडक झालं असेल, तर हिचा उपयोग होतो, तोही काही शे किलोमीटर चालवल्यावर. सील फाटलं असेल किंवा दांडा झिजला असेल, तर ही काहीही करू शकत नाही.

तिसरी जात फ्लश, म्हणजे इंजिन धुण्याची. ऑइल बदलण्याआधी ओतायची, दहा-पंधरा मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवायची आणि गरम असतानाच सगळं काढून टाकायचं. कार्बनमुळे ऑइल रिंग खाचेत जाम झाली असेल, तर ती सुटण्याची शक्यता असते. धोकाही इथंच. ज्या इंजिनात वर्षानुवर्षांचा गाळ आहे, तिथं सुटलेले तुकडे ऑइल पंपाच्या जाळीवर बसतात आणि डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. अशा गाडीला चांगलं ऑइल भरून ते दोन-तीन वेळा लवकर बदलणं हाच सावकाश पण सुरक्षित मार्ग.

चौथी जात घर्षण कमी करणारी. मॉलिब्डेनम वगैरे असलेली. तिचं जे काय काम असेल ते असो, ऑइल खाण्याशी तिचा संबंध नाही.

ऑइलच्या डब्यातही डिटर्जंट, झीज रोखणारं जस्त-फॉस्फरसचं संयुग, फेस मारणारं रसायन हे सगळं मोजून घातलेलं असतं. डब्यावर एपीआयचं गोल चिन्ह असतं, ते त्या संपूर्ण मिश्रणाच्या चाचणीचं. वरून ओतायच्या बाटलीला ते चिन्ह मिळत नाही, कारण ती कशात मिसळली जाणार हे कुणालाच ठाऊक नसतं. अमेरिकेत एसटीपी कंपनीनं आपल्या द्रवामुळे ऑइलचा खप घटतो, असं रस्त्यावरच्या चाचण्यांच्या हवाल्यानं जाहिरातींत सांगितलं होतं. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं त्या दाव्यांवर आक्षेप घेतला आणि १९७८ साली कंपनीला ७ लाख डॉलरची तडजोड करावी लागली. दुसरं उदाहरण टोयोटाचं. २००७ च्या सुमाराच्या कॅमरीतलं २.४ लिटरचं इंजिन ऑइल खातं अशा तक्रारी अमेरिकेत वाढल्या. १२०० मैलांत एक क्वार्ट, म्हणजे सुमारे १९०० किलोमीटरला जवळजवळ एक लिटर, एवढं ऑइल गेलं तर कंपनीनं पिस्टन आणि रिंगा बदलून दिल्या. खुद्द बनवणाऱ्यानंही उपाय पान्यानंच केला, बाटलीनं नाही.

माझ्या गाडीत मिस्त्रींनी एका वेळी एकच बदल केला. आधी फक्त पीसीव्ही बदलली आणि पुढचे १००० किलोमीटर काडीवर लक्ष ठेवायला सांगितलं. पाऊण लिटरचं अर्ध्यावर आलं. मग सील मऊ करणारी बाटली ओतली, तीही तेवढंच ऑइल आधी काढून. वरच्या खुणेच्या वर भरलं, तर क्रँक ऑइलमध्ये घुसळतो, फेस होतो आणि खप उलट वाढतो. पुढच्या १००० किलोमीटरला पाव लिटरच्या थोडं वर गेलं. सकाळचा निळा झोत पुसट झाला, बंद झाला नाही. सगळं एकदम केलं असतं, तर श्रेय बाटली घेऊन गेली असती.

त्याच गॅरेजात एक पर्यटक टॅक्सीवाला जुनी सेडान घेऊन आला. टॅपेट कव्हरवरची टोपी उघडली, तर आतून भकाभका धूर. दोन सिलिंडरचं कॉम्प्रेशन शंभराच्या खाली, ऑइल टाकल्यावर एकदम वर. रिंगा संपलेल्या.

"विकायचीय हो. महिनाभर धूर बंद राहील असं काहीतरी घाला ना."

"घालतो, पण घेणाऱ्याला सांगून विकणार असाल तर," मिस्त्री म्हणाले. तो गाडी घेऊन निघून गेला. पुढच्या दुकानात त्याला बाटली मिळाली असणारच. म्हणून सेकंड हँड गाडी बघायला जाल, तेव्हा इंजिन गार असताना, सकाळी, स्वतःच्या हातानं स्टार्ट करा. आधीच गरम करून ठेवलेली गाडी दाखवली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा या.

आता खर्चाचा हिशोब. ऑइल लिटरला चार-पाचशे रुपये. वर्षाला ६००० किलोमीटर चालणारी आणि १००० ला अर्धा लिटर खाणारी गाडी वर्षाकाठी तीन लिटर, म्हणजे दीड हजाराच्या आत जास्तीचं ऑइल मागते. फोक्सवॅगनसारख्या कंपनीच्या पुस्तिकेतही १००० किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा खप चालण्याजोगा मानलेला आहे. एवढ्या खपासाठी हेड उतरवून सीलं बदलायची की हाफ इंजिन, म्हणजे रिंगांचं काम, करायचं, हे गाडी अजून किती वर्षं ठेवायची त्यावर ठरवावं. पण फुकट काहीच नसतं. जळालेल्या ऑइलमधलं फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हळूहळू निकामी करतं, प्लग काळे पडतात, पीयूसीत हायड्रोकार्बनचा आकडा वाढतो. पंधरा वर्षांनंतर पुन्हा पासिंग करायचं, तर नूतनीकरणाचं शुल्क आणि पर्यावरण कर वेगळा. धूर ओकणारी गाडी तिथं अडकते.

तेव्हा गाडी ऑइल खात असेल, तर दुकानाआधी मिस्त्री गाठा. पीसीव्ही, प्लग, कॉम्प्रेशन या क्रमानं तपासून घ्या. सीलं कडक झाली असतील, तर एक बाटली आजमावून बघायला हरकत नाही. रिंगा गेल्या असतील, तर ते पैसे इंजिनाच्या कामासाठी बाजूला ठेवा. आणि दर रविवारी काडी बघा, कारण धूर निघणाऱ्या इंजिनापेक्षा ऑइल संपून जाम झालेलं इंजिन कितीतरी महाग पडतं.