माऊस मेला? आधी नाडी तर बघा!

सोमवार, सकाळचे साडेअकरा. बाणेरच्या ऑफिसमधली कॉन्फरन्स रूम. क्लायंट समोर, बॉस शेजारी, स्क्रीनवर तुमचं प्रेझेंटेशन. आणि नेमका याच मुहूर्तावर कर्सर कोपऱ्यात रुसून बसतो! तुम्ही माऊस हलवता, आपटता, उलटा करून फुंकर मारता. ढिम्म. संध्याकाळी घरी जाताना नवा माऊस येतो आणि जुना ड्रॉवरमध्ये जातो. तिथे त्याचे दोन भाऊ आधीच पडलेले असतात.

गंमत म्हणजे, असे कितीतरी माऊस मेलेले नसतातच. मग बिघडतं काय?

शेपूट गेलं, कटकट आली

डग्लस एंगेलबार्टने ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत जगाला माऊस दाखवला, तेव्हा त्याला वायरची शेपटी होती. पुढे ही वायर दोन कामं करू लागली : माऊसला वीज द्यायची आणि त्याची हालचाल कॉम्प्युटरला कळवायची. वायरलेसच्या हौसेपायी आपण ती शेपटी कापली. मग विजेसाठी आली बॅटरी आणि निरोपासाठी रेडिओ लहरी. म्हणून माऊस अडला की आधी याच दोन नाड्या तपासायच्या. फक्त एक पथ्य पाळा : एका वेळी एकच गोष्ट बदला. सेल, पोर्ट, पॅड सगळं एकदम बदललंत, तर दोष कुणाचा होता ते कधीच कळणार नाही.

पहिली नाडी : पॉवर

हसू नका, पण आधी माऊसच्या पोटावरचं बटण ऑन आहे ना, ते बघा. बॅगेत टाकताना ते सहज सरकतं. मग सेल बदला. घड्याळातून काढलेला सेल इथे चालेलच असं नाही. भिंतीवरच्या घड्याळाला अगदी थोडी वीज लागते, माऊसला जास्त. नवा अल्कलाइन सेल साधारण १.५ व्होल्टचा, तर निकेल-मेटल हायड्राइडचा रिचार्जेबल १.२ व्होल्टचा. त्यामुळे काही माऊस रिचार्जेबल सेलवर 'बॅटरी लो'चा दिवा लवकर लावतात. घाबरू नका.

सेलच्या टोकाशी पांढरी पूड दिसली तर सेल लीक झालाय. तो काढून बाजूला ठेवा. कापसाचा बोळा व्हिनेगरमध्ये किंचित बुडवून संपर्काच्या पट्ट्या पुसा, पूर्ण वाळू द्या, मगच नवा सेल घाला. आणि हात धुवायला विसरू नका.

दुसरी नाडी : सिग्नल

कर्सर अडखळत, उड्या मारत चालतोय? मग संशय इथे घ्या. बहुतेक वायरलेस माऊस २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. भारतात २००५ च्या नियमांनी हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी लायसन्समुक्त झाला. त्यामुळे वाय-फाय, ब्लूटूथ, हेडफोन सगळे तिथेच. थोडक्यात, संध्याकाळी सहाचा लक्ष्मी रोड!

त्यात एक छुपा रुस्तुमही आहे. यूएसबी ३.० च्या पोर्टमधून आणि केबलमधून निघणारा 'गोंगाट' नेमका याच पट्ट्यात पसरतो, हे इंटेलने २०१२ मध्येच एका पेपरमध्ये मांडलं होतं. हे पोर्ट बऱ्याचदा आतून निळे असतात. शेजारच्या पोर्टला एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावली आणि माऊस अडखळायला लागला, तर योगायोग समजू नका. रिसीव्हर दूरच्या पोर्टला लावा. त्याहून बरं म्हणजे छोटी यूएसबी एक्स्टेन्शन केबल घेऊन तो माऊसजवळ आणा. सीपीयू टेबलाखाली असेल आणि मध्ये लोखंडी पत्रा असेल, तरी हाच उपाय.

माऊस थोडा वेळ चालून झोपतो? विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'यूएसबी रूट हब'च्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवायला हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी टिक काढून बघा.

तरी नाहीच?

मग डोळा तपासा. ऑप्टिकल माऊस खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारावर बारीक फोटो काढून आपण किती सरकलो ते ओळखतो. काच किंवा चकाचक सनमायका असेल तर त्याला खुणाच सापडत नाहीत. खाली साधा कागद ठेवून बघा. भिंगात अडकलेला केसही काढा.

शेवटी खरी परीक्षा : माऊस रिसीव्हरसकट शेजाऱ्याच्या लॅपटॉपला लावा. तिथे पळाला, तर दोष तुमच्या लॅपटॉपचा. तिथेही नाही, तर माऊसचा किंवा रिसीव्हरचा. एका क्लिकला दोनदा क्लिक होत असेल, तर बटणाखालचा छोटा स्विच झिजला असण्याची दाट शक्यता. तो बदलता येतो. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एक चक्कर मारा, पण आधी खर्च विचारा. गॅरंटी शिल्लक असेल, तर स्वतः स्क्रू उघडू नका.

मीटिंगमध्येच अडला तर?

एफ-५ ने स्लाइड शो सुरू, उजव्या बाणाने पुढची स्लाइड, कंट्रोल-एस ने सेव्ह. कीबोर्डला नंबर पॅड असेल, तर डावं ऑल्ट, डावं शिफ्ट आणि नमलॉक एकत्र दाबा. विंडोज विचारेल, 'हो' म्हणा. आता नंबर पॅडच्या आकड्यांनी कर्सर हलतो, ५ दाबलं की क्लिक!

आणि माऊस खरंच गेला असेल, तर त्याला ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत कॉम्प्युटरबरोबर त्याची इनपुट उपकरणंही येतात. सेल काढून वेगळा ठेवा आणि माऊस ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या. रिसीव्हरही सोबतच द्या. बऱ्याच मॉडेल्समध्ये तो दुसऱ्या कुठल्या माऊसशी जुळत नाही, मग उगाच जपून काय करणार?